कन्हानला न पोचवलेली बातमी

करुणा गजभिये गेल्याची बातमी मला पुण्याहून आली. मी नागपुरात राहतो, ती कन्हानला राहायची. सकाळी निघालं तर कामठीवरून तासाभरात माणूस तिच्या दारात उभा राहतो. तरी मंगळवारी पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं आणि मला ते कळलं शुक्रवारी दुपारी, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या फोनवरून. तो आता पुण्यात बँकेत आहे. "सर, गजभिये मॅडमबद्दल ऐकलं ते खरं का?" असं त्यानं विचारलं, आणि मी त्यालाच उलट विचारलं, "काय ऐकलं?" ... त्याला गोंदियाच्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, तिला कन्हानच्या कोणा नातेवाइकानं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कूलरसमोर नुसता बसून होतो आणि मनात, लाज वाटते सांगायला, एक आकृती काढत होतो. कन्हानहून गोंदिया, गोंदियाहून पुणे, पुण्याहून नागपूर. करुणाच्या हातात खडू असता तर तिनं हीच आकृती फळ्यावर काढली असती आणि पोरांकडे वळून विचारलं असतं, "आता सांगा, कन्हान ते नागपूर सरळ धागा काहून नाही दिसून राहिला?"

तिच्या हयातीत मी तिला कधी एकेरी हाक मारली नाही. ती 'मॅडम', मी 'सर'. आमच्या अर्थशास्त्र विभागात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : शिकवलेल्या तासापुरतं मानधन, दर सत्राला नवी नेमणूक, आणि एप्रिल संपला की नेमणूकही संपली. त्यामुळे उन्हाळ्यात असा माणूस दिसला नाही तर कोणाला काही वाटत नाही. मी त्या दुपारी विभागप्रमुखांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे बापरे, आत्ता तर पेपर तपासून गेल्या त्या!" जो तो हळहळला. संध्याकाळपर्यंत विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊन पडली. त्या ग्रुपमध्ये करुणा कधीच नव्हती. तो कायम नेमणुकीच्या लोकांचा ग्रुप होता.

ती विभागात आली तेव्हा तिशीची असेल. किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघण्याची सवय. एके दिवशी माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "सर, एक नवा पेपर सुचवायचा आहे. सामाजिक आणि आर्थिक जाळी. परिचयापुरताच." मी म्हटलं, "जाळी म्हणजे? आता मासेमारी शिकवायची का आपण?" ती शांतपणे म्हणाली, "तसंच समजा सर. फक्त मासे आपण आहोत." मग तिनं तासभर मला समजावलं. बातमी, उसनवारी, रोग, अफवा, नोकरी, सोयरीक... ह्या गोष्टी माणसामाणसांतून कशा फिरतात, कोणामार्फत जातात, कुठे येऊन थबकतात. आमच्या अर्थशास्त्रात माणूस एकटा उभा राहून बाजारभाव बघतो आणि निर्णय घेतो. तिचं म्हणणं, असा माणूस तिनं तरी कन्हानमध्ये पाहिलेला नाही. पेपर मंजूर झाला. पण तासिका तत्त्वावरच्या माणसाचं नाव समन्वयक म्हणून लावता येत नाही, म्हणून तिथं माझं लागलं. आजही अभ्यासक्रमाच्या त्या पानावर माझं नाव आहे. त्यातला एक शब्दही माझा नाही.

पहिल्या वर्षी मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचो. समन्वयक म्हणून निदान विषय तरी कळावा, हा हेतू. स्टाफरूममध्ये पुस्तकी मराठी बोलणारी ही बाई वर्गात शिरली की घरच्या बोलीत यायची. माणूस म्हणजे गाठ, ओळख म्हणजे धागा, एवढ्या दोन शब्दांवर तिनं सगळा पेपर उभा केला होता. लकडगंजच्या लाकूड व्यापाऱ्यांचं उदाहरण द्यायची : एका फोनवर ट्रकभर माल जातो, ना कागद ना सही, मग भरवसा कशावर? दोघांना ओळखणाऱ्या मधल्या माणसावर. जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतूनच नव्या बातम्या येतात, हे सांगताना तिनं अशा ओळखीला नाव दिलं होतं 'पंगतीतली ओळख'. "तुह्या जिगरी दोस्ताले तेच माहीत असते जे तुले माहीत आहे. नोकरीची खबर आणते तो, जो कोणाच्या तरी लग्नात तुह्या बाजूले जेवाले बसला होता." एकदा एका पोरानं विचारलं, "मॅडम, एकतर्फी धागा चालते का?" ती म्हणाली, "चालते ना गा. तुह्याकडून निघाला, तिसऱ्या बाकापाशी जाऊन पडला, तिकडं कोणी उचललाच नाही. त्याले बाण काढायचा." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

दर वर्षी पहिल्या आठवड्यात ती एक प्रयोग करायची. तू आला नाहीस तर नोट्स कोणाकडे मागशील, हे प्रत्येकानं लिहून द्यायचं. नावं नाही, फक्त हजेरी क्रमांक. मग ती फळ्यावर गाठी मांडायची, धागे ओढायची, आणि बघता बघता वर्गाचे तीन-चार तुकडे दिसू लागायचे, एकमेकांना जेमतेम शिवणारे. "बाकं मी वाटून देली होती का?" पोरं म्हणायची, नाही. "मंग हे मोहल्ले कोणी पाडले?" आपापला क्रमांक आणि शेजारचे क्रमांक बघून प्रत्येकाला कळायचं तुकडे कशावरून पडलेत. ती तो शब्द उच्चारायची नाही. खडू ठेवून हात झटकायची आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायची.

एकदा चहा पिता पिता तिनं आमच्या विभागाचाही असा नकाशा काढून दाखवला. आठ गाठी एकमेकींत गुंतलेल्या, नववी बाजूला, आणि तिच्यापासून निघालेला एकच धागा माझ्यापर्यंत. "ही मी," ती हसून म्हणाली. "सर, तुम्ही कुठं जाऊ नका बरं का. नाही तर मी हवेतच राहीन." मीही हसलो. चहा संपला, तो कागद कोणीतरी कपांसोबत उचलून नेला.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. आता जे लिहायचं आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

विभागात एका कायम पदाची जाहिरात निघाली. करुणाने अर्ज केला होता आणि ही जागा तिचीच, असं सगळे धरून चालले होते. तिचा पेपर, तिची पोरं, तिची इतकी वर्षं. मग काही तांत्रिक कारणावरून ती जाहिरात रद्द झाली आणि शुद्धिपत्रक निघालं : आधी अर्ज केलेल्यांनीही नव्यानं अर्ज करायचा, मुदत पंधरा दिवस. ते सूचना फलकावर लागलं, संकेतस्थळाच्या कुठल्याशा कोपऱ्यात गेलं. नेमके त्याच आठवड्यात करुणाचे वडील वारले. कोळसा खाणीत आयुष्य गेलेला माणूस, शेवटी शेवटी दोन पावलं चालले की छाती भरून यायची. ती कन्हानला होती. विभागप्रमुख मला म्हणाले, "गजभिये बाईंना सांगा बरं हे. तुमचं त्यांचं बोलणं असते." मी म्हणालो, "सांगतो." मी 'सांगतो' म्हटल्यामुळे बाकीचे मोकळे झाले. आठ जणांना माहीत होतं आणि सात जणांची खात्री होती की आठव्यानं कळवलं असणार. त्या सात जणांना मी दोष देत नाही. आठवा मी होतो.

बातमी माझ्याकडून निघाली नाही असं नाही. त्याच संध्याकाळी निघाली, पण धंतोलीला, माझ्या मेहुण्याच्या घरी. त्याची मुलगी मृणाल प्राध्यापकीची सेट परीक्षा पास होऊन बसली होती. मी फोनवर म्हणालो, "जाहिरात पुन्हा निघाली आहे. मागच्या वेळी राहिलं ना तुझं, आता भर." हे वाक्य बोलायला मला काहीच अडचण आली नाही. आणि ते बोलून झाल्यावर, कन्हानचा नंबर लावायचा तर मला जाणवलं की आता तो लावणं म्हणजे मृणालच्या वाटेत करुणाला उभं करणं. उद्या लावू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

मग मी कन्हानला गेलो. तिच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. प्रत्यक्षच सांगू, फोनवर काय सांगायचं, असं मनाशी म्हणत गेलो, आणि त्या वेळी ते खरंही असावं... आता मला माझ्या तेव्हाच्या मनाबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही. मुदत संपायला अजून आठवडा होता. विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढे फोटो, मेणबत्त्या. वंदना झाली, वडिलांच्या सोबतचे खाणकामगार दोन-दोन वाक्यं बोलले. नंतर बाहेर मांडवात पंगत बसली. मी अर्धं जेवलो असेन तेव्हा करुणा वाढायचं सोडून माझ्या शेजारी येऊन टेकली. डोळे सुजलेले. "सर, तुम्ही आलात, बरं वाटलं. विभागातून दुसरं कोणी नाही आलं." मी म्हटलं, सगळे परीक्षेच्या कामात आहेत. ती जराशानं म्हणाली, "विभागात काही विशेष?"

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही आता आईकडे लक्ष द्या."

एवढंच. समोर भात होता, तो मी संपवला. ती उठून पुढच्या पानाकडे गेली. गाडी चालवत परत येताना मी कारण तयार करत आलो आणि कामठी येईपर्यंत ते तयारही झालं : ज्या घरात माती झालेली आहे तिथं नोकरीचं काय काढायचं? आपल्याकडे दुखवट्याच्या घरी व्यवहाराचं बोलत नाहीत. हा रिवाज मी जन्मभर पाळला आहे, पण त्या दिवशी तो मला जितका सोयीचा पडला तितका कधीच पडला नव्हता.

आईची तब्येत बिघडली म्हणून ती आणखी थांबली आणि परत आली तेव्हा मुदत संपली होती. सूचना फलकापाशी ती उभी असलेली मी माझ्या खोलीच्या दारातून पाहिली. पिशवी खांद्यावरच होती. तिनं तो कागद वाचला, परत पहिल्यापासून वाचला. मग माझ्याकडे आली. "सर, मुदत संपली म्हणे." मी कपाळावर हात मारला. खरोखर मारला. "अहो, माझ्या डोक्यातूनच गेलं हो, त्या सगळ्या गडबडीत..." तिनं माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं, डोळ्यांत. "असू द्या," म्हणाली, आणि उद्याचा तिचा तास किती वाजता आहे ते विचारून गेली. ती विद्यापीठाच्या कार्यालयात एक-दोनदा जाऊन आली, विनंती अर्ज दिला. नियम म्हणजे नियम. मुलाखतीच्या दिवशी मृणाल माझ्या खोलीत चहा पीत होती. करुणा काही कामानं आत आली तेव्हा मी ओळख करून दिली, न देऊन करतो काय. मृणाल बोलकी. "काकांनी सांगितलं म्हणून कळलं हो मला, नाही तर मी कुठली बघायला जाते वेबसाइट!" करुणा म्हणाली, "हो ना. सांगणारं पाहिजे कोणीतरी." आणि तिला शुभेच्छा देऊन बाहेर गेली.

पद मृणालला मिळालं नाही. अमरावतीकडच्या एका उमेदवाराला मिळालं. म्हणजे ज्या कामासाठी मी ते केलं ते कामही झालं नाही. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. उलट, पुढे कैक वर्षं मी ह्याच गोष्टीच्या आडोशाला राहिलो : कोणाचा फायदा झाला नाही, तर मग पाप तरी कसलं?

त्यानंतर मी तिचा कैवारी झालो. तिला जास्त तास मिळावेत म्हणून बैठकीत भांडलो, तिच्या मानधनाच्या फायली पुढे सरकाव्यात म्हणून बाबूलोकांच्या टेबलांशी उभा राहिलो. विभागात लोक म्हणत, देशकर सर आहेत म्हणून त्या बाई टिकल्या. करुणा दर सत्राला आभार मानायची. ते आभार मी घेत आलो. आणि दर उन्हाळ्यात ती इतर सगळ्या तासिकावाल्यांसारखी कामाविना कन्हानला जाऊन बसायची आणि जुलैत नव्यानं अर्ज करायची, त्याच पेपरसाठी, जो तिनंच लिहिला होता. पुढे कायम पदाची जाहिरात निघालीच नाही.

दोन-तीन वर्षांनंतरची गोष्ट. मी अंतर्गत गुणांचे कागद घेऊन व्हरांड्यातून जात होतो. तिच्या वर्गाचं दार उघडं होतं, फळ्यावर आठ गाठी आणि बाजूला एक, हे मला चालता चालता दिसलं आणि पाय थांबले. ती पाठमोरी होती. "समजा एक दफ्तर आहे," ती सांगत होती. "आठ जणाले खबर माहीत आहे. नववीले नाही. नववीचा धागा एकाच माणसाशी. कोणी कट केला का? नाही. कोणाले तिचा राग होता का? नाही. मंग खबर काहून नाही पोचली?" पोरांनी उत्तरं दिली, एकाला वाटलं दुसऱ्यानं सांगितलं असेल, वगैरे. ती म्हणाली, बरोबर. मग एक मुलगी, आवाजावरून चुणचुणीत, म्हणाली, "पण मॅडम, त्या मधल्या माणसानं काहून नाही सांगतलं?"

"ते जाळं नाही सांगत, वं. जाळं इतकंच सांगते का खबर कुठं येऊन थांबली."

"मंग नववीनं त्याले विचारलं नाही का?"

"तो म्हणे विसरलो."

"अन् तिनं ऐकून घेतलं? बाप्पा! मी असती तं..."

"तू असती तं काय केलं असतं?"

"भांडली असती!"

वर्ग हसला. करुणाही हसली असावी, खांदे हलले. मग म्हणाली, "भांडाले दुसरा धागा लागते, बाई. एकच असला तं ताणून पाहता येत नाही."

मी तिथून निघून गेलो. तिला मी दिसलो की नाही, माहीत नाही. त्या दिवशी चार वाजता ती चहाला आली, आम्ही नव्या सत्राच्या वेळापत्रकावर बोललो. मी तेव्हा सांगू शकत होतो. दार लावून घेतलं असतं आणि पाच मिनिटं लागली असती. त्यानंतरही अशा चारच्या चहाच्या किती वेळा आल्या आणि गेल्या. मला वाटायचं, तिला माहीत आहे, तर मग सांगून नवीन ते काय? पण माहीत असणं आणि सांगितलं जाणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे तिच्याच पेपरात आहे. मी त्याचा समन्वयक.

मी स्वतःला असंही बजावत आलो की ह्यात तिच्या जातीचा काही संबंध नव्हता. दुसरी कोणी असती तरी मी भाचीचाच विचार केला असता. असेल. पण माझ्या फोनमधल्या ज्या नंबरांवर विचार न करता बोट पडतं, त्यांत तिच्या वस्तीतला एकही नव्हता, आजही नाही. इतक्या वर्षांत ती माझ्या घरी दोनदा आली, दोन्ही वेळा उत्तरपत्रिका घेऊन. फळ्यावरचा तो तुकड्यांचा नकाशा बघून मी मागच्या बाकावर मान डोलवायचो, पोरांचं कसं असतं बघा, म्हणून...

ती गेल्यावर ह्या पुरवणीच्या संपादकांनी मला लेख मागितला. "तुम्हीच त्यांचे जवळचे," ते म्हणाले. मी आधी एक लेख लिहिला होता. त्यात तिची शिकवण्याची हातोटी होती, तिची कापडी पिशवी होती, पंगतीतली ओळख होती. चांगला झाला होता. तो मी पाठवला नाही. हा लिहायला घेतला तेव्हा ध्यानात आलं की हा छापून येईल, आणि कन्हानला कोणीतरी तो तिच्या आईला वाचून दाखवेल. म्हणजे पुन्हा बातमी फिरून फिरून जाणार. म्हणून आधी मी स्वतः गेलो.

आईंनी ओळखलं. "या भाऊ. लय ऊन हाय, पंख्याखाली बसा." थकल्या आहेत, पण हिंडत्याफिरत्या आहेत. त्यांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मी म्हटलं, आधी बसा, मला काही सांगायचं आहे. त्या उंबऱ्याशी बसल्या आणि मी सांगितलं. जाहिरात, शुद्धिपत्रक, मृणाल, मांडवातली पंगत, तिनं विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. आधण उकळायला लागलं तशी त्या उठल्या, गॅस बंद केला, आणि परत येऊन बसल्या.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"घरात माती झालेली होती..." माझ्या तोंडातून तेच आलं. इतक्या वर्षांनी, तेच.

"माती तिच्या बापाची झाली होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "नोकरी तं जित्ती होती ना, भाऊ."

पंखा फिरत होता. मग त्यांनी विचारलं, "तिले मालूम होतं?"

"मला वाटतं, होतं."

"मले कधी बोलली नाई." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मी म्हणो तिले, सोड ते कालेज, तिथं कोण हाय तुह्यं? तं म्हणे, एक सर हायत." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमीच ना ते?"

"हो."

मी माफी मागितली नाही. ती मागायची ती कोणाकडे, हे तोवर उशिरा का होईना कळलं होतं. उठावं की बसावं अशा अवस्थेत असताना खिडकीच्या फळीवरचा फोन वाजला. करुणाचा फोन. चार्जरला लावलेला, खाली रुमालाची घडी. आई उठल्या नाहीत.

"रोज येते एखादा," त्या म्हणाल्या. "करुणा कायची बी जाहिरात निघाली का पोरापोरीले येकेकाले फोन करे. मी म्हणो, ग्रुपवर टाक ना येकदाचं, घसा कोरडा करून राहिली. तं म्हणे, ग्रुपवर टाकलं म्हंजे सांगतलं नाई होत. अन् फारम भरला का त्यायनं हिले उलटा फोन करायचा, भरला म्हणून. तवा कुठं झोपे. आता पोरं करून राहिले फोन. ज्याईले मालूम नाई ते."

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू? म्हणतो, बरं बाई, भरला ना, झालं. पोरगी घरी नाई म्हणतो." त्यांचा आवाज इथं पहिल्यांदा फाटला. "माह्या तोंडातून नाई निघत ते."

फोन वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. आईंनी तो फळीवरून काढला, वायर सोडवली आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. तुमी सांगा."

मी घेतला. "हॅलो, मॅडम?" पलीकडे एक मुलगी, मागे शेतातल्या मोटरपंपाचा आवाज. "मॅडम, फॉर्म भरला बरं का! कालपासून साइट बंद पडून राहिली होती, नरखेडले जाऊन भरला. पावती बी काढली." मी म्हटलं, मी मॅडमच्या विभागातला देशकर सर बोलतोय. "हो का, नमस्कार सर. मॅडमले द्या ना जरा." आई माझ्याकडे बघत होत्या. मी शब्द शोधू लागलो, आणि ते सापडायची वाट बघत बसलो तर संध्याकाळ होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून जसे आले तसे सांगितले. मॅडम गेल्या. झोपेतच गेल्या. त्रास झाला नाही. मी त्यांच्याच घरून बोलतोय.

पलीकडे पंप चालू राहिला. मग, "पण त्याईनंच तं सांगतलं होतं मले, जाहिरात निघन, ध्यान ठेव म्हणून..." "हो," मी म्हणालो. तिनं नाक ओढलं. आणि मग अगदी लहान आवाजात विचारलं, "सर, मंग आता पुढची यादी लागली तं कोणाले सांगायचं?"

मी माझा नंबर सांगितला. थांब, लिहून घेते, म्हणाली. लिहून घेतला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. शेवटचा चुकला होता. मी तो दुरुस्त केला, तिनं पुन्हा सगळा म्हणून दाखवला. आईंनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो पदरानं पुसला, फळीवर त्याच रुमालाच्या घडीवर ठेवला, चार्जरची वायर खोचली, आणि लाल दिवा लागला की नाही ते वाकून बघितलं.